पांघरुणाबाहेरचा हात

पांघरुणाखाली झाकलेला हात दिसला की माझं डोकं फिरतं. अतिदक्षता विभागात आलेली प्रत्येक नवी मुलगी पहिल्या महिन्यात माझ्यामुळे एकदा तरी रडते, आणि ती बहुतेक याच कारणावरून. "सिस्टर, पेशंटला थंडी वाजत होती हो," असं ती म्हणते. मी म्हणते, "वाजू दे. दुसरं पांघरूण घाल, तिसरं घाल, पायात मोजे चढव. पण सुईचा हात बाहेर." मग ती मावशीकडे माझी कागाळी घेऊन जाते. मावशी म्हणजे आमच्या विभागात पंचवीस वर्षं साफसफाई करणारी बाई. ती मुलीला चहा पाजते आणि सांगते, "हिचं काय घेऊन बसलीस! हिच्या आधी ज्या होत्या ना, त्या तर पेशंटलाही ओरडायच्या."

हे साफ खोटं आहे. तेव्हाच्या मुख्य सिस्टर, आमच्या बाई, पेशंटला कधी ओरडल्या नाहीत. ओरडायच्या त्या आम्हाला.

बाई गेल्या त्याला आता पाच महिने होतील. बातमी आली त्या दिवशी विभागात दोन मिनिटं शांत उभं राहायचं ठरलं. पहिलं मिनिट संपायच्या आत सात नंबरच्या खाटेवरच्या औषधाच्या पंपाने बोंब ठोकली आणि सगळ्या तिकडे पळाल्या. बाईंना हे फार आवडलं असतं. पुढे रुग्णालयाच्या वार्षिक अंकासाठी 'त्यांच्याविषयी चार शब्द' मला लिहायला सांगितले. मी लिहून दिले. कर्तव्यदक्ष, शिस्तप्रिय, आदर्श. छापून आले, फोटोसकट. ते वाचून मला माझीच लाज वाटली, म्हणून हे लिहायला बसले आहे. हे अंकासाठी नाही.

बाई ठेंगण्या होत्या. खाटेवरच्या माणसाच्या उशाशी नीट पोचता यावं म्हणून त्यांनी एक लाकडी पाट विभागात आणून ठेवला होता आणि तो पायाने सरकवत सरकवत त्या खाटेखाटेशी फिरायच्या. पाट सरकल्याचा आवाज आला की आम्ही ताठ उभ्या राहायचो. छातीवर उलटं लटकवलेलं छोटं घड्याळ, बोटांची नखं अगदी मुळापर्यंत कापलेली, आणि नाकावर घसरलेल्या चष्म्यावरून बघायची सवय. आम्ही पाठीमागे त्यांना 'भिंग' म्हणायचो. त्यांना ते ठाऊक होतं. एकदा औषधाच्या कपाटावर कुणीतरी भिंगाचं चित्र काढलं, तर त्यांनी खाली लिहिलं, 'काच पुसून ठेवत जा.'

घरी त्या, त्यांच्या विधवा वहिनी आणि वहिनींचा रेडिओ. लग्न केलं नव्हतं. का, असं विचारायची आमची छाती नव्हती, मावशीने एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "वेळापत्रकात बसलं नाही." रेडिओच्या आवाजावरून नणंद-भावजयींचं रोज वाजायचं, आणि एकीला साधी सर्दी झाली तरी दुसरी रजा टाकायची.

पेशंटला हात लावण्याआधी त्या स्वतःचे हात गरम पाण्याखाली धरायच्या. शुद्ध हरपलेल्या माणसालाही सांगितल्याशिवाय काही करायच्या नाहीत. "काका, आता कूस बदलतेय हं. जरा दुखेल. शिव्या द्यायच्या तर मनात द्या." आम्हाला हसू यायचं. पण नंतर शुद्धीवर आलेल्या एका आजोबांनी त्यांच्या आवाजावरून त्यांना ओळखलं, तेव्हापासून हसू बंद झालं.

आता त्या औषधाबद्दल सांगावं लागेल, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. शॉक म्हटलं की लोकांना विजेचा झटका आठवतो, नाहीतर वाईट बातमी. आमच्याकडचा शॉक वेगळा. जंतू रक्तात पसरतात, रक्तवाहिन्या सैल पडतात, रक्ताचा दाब कोसळतो, आणि मूत्रपिंडापासून मेंदूपर्यंत कुणालाच पुरेसं रक्त पोचत नाही. अशा वेळी एक औषध पंपाला लावलेल्या सिरिंजमधून थेंबाथेंबाने शिरेत सोडतात. ते रक्तवाहिन्या आवळतं आणि दाब उचलून धरतं. आम्ही त्याला नॉरॲड म्हणतो, पूर्ण नाव घ्यायला तिथे कुणाला सवड नसते. सिरिंज संपत आली की ती काढून नवी लावायची नाही. आधी शेजारच्या पंपावर नवी चालू करायची, दाब सावरला की जुनी बंद करायची. मधे अर्धं मिनिट जरी खंड पडला तरी माणूस हातचा जाऊ शकतो. बाई शिकवायच्या, "जिना उतरताना आपण काय करतो? एक पाय टेकल्याशिवाय दुसरा उचलत नाही. तेवढंच करायचं."

पण या औषधाची दुसरी बाजू आहे. शिरेत असेल तोवर ते माणूस वाचवतं. सुई जरा सरकली आणि ते शिरेबाहेर, कातडीखाली झिरपलं, की तिथल्या बारीक वाहिन्याही ते तितक्याच इमानाने आवळतं. कातडी पांढरी पडते, गार पडते, मग निळी, मग काळी. म्हणून ते मानेतल्या मोठ्या शिरेतून देणं चांगलं. मात्र मानेत नळी घालण्याआधी कधी रक्ताचे दोष सुधारावे लागतात, कधी डॉक्टर दुसरीकडे अडकलेले असतात, आणि तोवर हाताच्या शिरेवर भागवावं लागतं. त्या हाताकडे तासातासाला बघायचं. बाईंच्या भाषेत बघायचं म्हणजे लांबून मान वळवायची नाही. पांघरूण बाजूला करायचं, उजेड पाडायचा, रंग बघायचा, सूज बघायची, आपल्या हाताच्या पाठीने ऊब बघायची, नख दाबून सोडायचं आणि लाली परत यायला किती वेळ लागतो ते मोजायचं. मग चार्टवर खूण करायची. आणि ड्यूटी बदलताना जाणारीने आणि येणारीने दोघींनी मिळून तो हात बघायचा, तेव्हा कुठे दोघींच्या सह्या.

"तू पाहिलंस ते तुझं," बाई म्हणायच्या. "मी पाहिलं ते माझं. सांगोवांगीवर माझी सही होत नाही."

मी त्या वेळी चोवीस वर्षांची होते. नोकरीला दोन वर्षं होत आली होती, महिन्याभरात कायम होणार होते. मी हुशार होते, हे मला माहीत होतं आणि दुर्दैवाने बाईंनाही माहीत होतं. महिनाभर आधी सगळ्यांसमोर त्या म्हणाल्या होत्या, "हिचे डोळे माझ्यासारखे आहेत." मी आठवडाभर हवेत होते.

चार नंबरच्या खाटेवर कवळीवाले होते. दातांच्या कवळ्या बनवणारे कारागीर. शहरातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचं हसू त्यांच्या हातचं, असं त्यांची बायको अभिमानाने सांगायची. पित्ताशयातला संसर्ग रक्तात उतरला होता. डाव्या हाताच्या शिरा सुया टोचून टोचून संपल्या होत्या, म्हणून पहाटे नॉरॲड उजव्या हाताच्या मनगटावरच्या शिरेतून चालू केलं होतं. मानेतली नळी दुपारी घालायची होती.

सकाळी आठला मी ड्यूटीवर आले, तेव्हा हात चांगला होता. नऊलाही चांगला होता. दहाला नातेवाइकांना आत सोडलं. त्यांच्या बायकोने हात धरला आणि म्हणाली, "बर्फ झालाय हो हात. सिस्टर, बघा ना. कामाचा हात आहे त्यांचा."

मी हात लावला. गार होता. शॉकच्या पेशंटचे हातपाय गार असतातच, हे मला परीक्षेत दहापैकी दहा गुण मिळवून पाठ झालं होतं. दुसरा हात किती गार आहे ते बघावं, एवढं काही सुचलं नाही. मी पांघरूण वर ओढलं, हात आत घेतला, कडा नीट खोचल्या. "आता ऊब येईल," मी म्हटलं. तिला बरं वाटलं. मलाही बरं वाटलं. आपण किती मायाळू आहोत असं काहीतरी वाटल्याचं मला स्पष्ट आठवतं, आणि आजही ते आठवलं की स्वतःच्या मुस्कटात मारावीशी वाटते.

साडेदहाला माझ्याच दुसऱ्या पेशंटचं हृदय थांबलं. तासभर आम्ही त्याच्यावर होतो. तो वाचला. त्यानंतर त्याचा एक्सरे, त्याचं रक्त, त्याचे नातेवाईक. बाराला कवळीवाल्यांचा रक्तदाब पडू लागला. मी डॉक्टरांना फोन केला, त्यांनी औषध वाढवायला सांगितलं, मी पंपाचा वेग वाढवला. एकला पुन्हा पडला. पुन्हा फोन, पुन्हा वाढवला. औषध वाढवूनही दाब का पडतोय, हा प्रश्न फोनवरच्या डॉक्टरला पडला नाही. पण तो फोनवर होता, खाटेशी मी होते. औषध शिरेत जातच नव्हतं. मी वेग वाढवत होते आणि ते त्या झाकलेल्या हातात, कातडीखाली, भरत होतं.

पावणेदोनला मी चार्ट पुरा करायला बसले. 'सुईची जागा' या रकान्यात दहा, अकरा, बारा, एक, सगळे तास रिकामे होते. मी चार खुणा केल्या. एकाच पेनाने, एकापाठोपाठ, सारख्या. अशा खुणा सगळ्याच कधी ना कधी करायच्या. तरी मी उठून चार पावलं चालत गेले असते तर काय बिघडलं असतं? दिवसभर उभी होते, पाय भरून आले होते. तेवढ्यासाठी उठले नाही.

दोनला बाई आल्या. त्या आठवड्यात एक सिस्टर रजेवर होती, म्हणून दुपारची पाळी त्या स्वतः करत होत्या. आम्ही एक नंबरपासून सुरुवात केली. पाट सरकत होता. चार नंबरशी आलो आणि दार धाडकन उघडून स्ट्रेचर आत आलं. तरुण मुलगी, रक्तबंबाळ, मागे ओरडणारा बाप. बाईंनी तिकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"हात पाहिलास?"

"पाहिला, बाई. आत्ताच. चांगला आहे."

त्यांनी एक क्षण चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. मग सही केली आणि पाट पायाने ढकलत स्ट्रेचरकडे धावल्या. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत दुसऱ्याच्या शब्दावर त्यांनी केलेली ती पहिली सही असावी. मी पर्स उचलली आणि घरी गेले.

पावणेतीनला, त्या मुलीचा रक्तस्राव थांबवून, बाई चार नंबरशी परत आल्या आणि त्यांनी पांघरूण उचललं. हे मला मावशीने सांगितलं. मनगटापासून बोटांपर्यंत हात सुजून ताठ झाला होता, हाताच्या पाठीवरची कातडी मेणासारखी पांढरी आणि मधोमध जांभळी. बाईंनी पंप लगेच दुसऱ्या शिरेवर वळवला, जुनी सुई तशीच ठेवून तीतून जेवढं ओढता येईल तेवढं बाहेर ओढलं, डॉक्टरांना हाताला धरून खाटेशी आणलं. उताऱ्याचं इंजेक्शन आमच्याकडे शिल्लक नव्हतं. मावशीला दुसऱ्या रुग्णालयात पिटाळलं, ते यायला तास गेला. "एवढं झालं, पण ओरडल्या नाहीत गं," मावशी म्हणाली. "त्याचीच मला जास्त भीती वाटली."

कवळीवाले जगले. हाताच्या पाठीवरची कातडी गेली, मांडीची लावावी लागली. अंगठा आणि पहिलं बोट वाचलं, बाकी तीन बोटं वळेनाशी झाली.

चौकशी मेट्रनच्या खोलीत झाली. टेबलामागे तिघे, टेबलापुढे आम्ही दोघी शेजारी शेजारी. चार्ट मधे पडला होता. माझ्या चार खुणा एका रांगेत. कुणीतरी विचारलं, "दोन वाजता हात कसा होता?"

आई घरी देवाला हात जोडून बसली होती, मुलीची नोकरी कायम होऊ दे म्हणून. खरं बोलायचं असं मी सकाळी आरशासमोर चार वेळा ठरवून आले होते.

"चांगला होता," मी म्हटलं.

बाईंनी माझ्याकडे बघितलं नाही. जांभळा पडलेला हात किती तासांचा असतो हे त्या खोलीत त्यांच्याइतकं कुणाला कळत नव्हतं. एका वाक्यात त्या मला उघडं पाडू शकल्या असत्या. त्या म्हणाल्या, "दोन वाजताची सही माझी आहे. मी पांघरूण उचललं नव्हतं. ही माझी चूक." पुढे कितीही विचारलं तरी एवढंच. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. खोटं बोलले ती मी.

त्यांची बदली तळघरात झाली, निर्जंतुकीकरण विभागात. तिथे शस्त्रक्रियेची हत्यारं धुऊन, मोजून, कापडात बांधून वाफेच्या भट्टीत घालतात. पेशंट औषधालाही दिसत नाही. नऊ वर्षं, निवृत्त होईपर्यंत, बाई तिथे होत्या. कवळीवाल्यांच्या घरी रुग्णालयाचं पत्र गेलं की दुपारच्या पाळीतल्या परिचारिकेकडून दुर्लक्ष झालं, तिच्यावर कारवाई केली आहे. आणि मी कायम झाले.

मी रोज तळघरात जायचे, निर्जंतुक केलेलं सामान आणायला. बाई कापडाच्या घड्या घालत असायच्या, कोपऱ्याला कोपरा जुळवून. पाटही त्यांनी खाली नेला होता, वरच्या फळीपर्यंत हात पोचायला. मला बघून विचारायच्या, "हात बाहेर ठेवतेस ना?" मी म्हणायचे, "हो बाई." तेवढंच आमचं बोलणं. रोज वर येताना लिफ्टमध्ये मी ठरवायचे, उद्या सांगेन. लिफ्टला चार मजले चढायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ माझा निश्चय टिकायचा.

त्यांच्या निरोपसमारंभात मेट्रनने भाषण केलं आणि भिंतीवरचं घड्याळ भेट दिलं. चहा झाला. बाई घड्याळ काखेत मारून निघाल्या, तर मी पायऱ्यांवर त्यांना गाठलं. नऊ वर्षांत पहिल्यांदा माझं तोंड उघडलं.

"बाई, त्या दिवशी मी..."

"मला ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "दहा वाजताचं होतं ते. मी बघितला ना हात."

मी रडायला लागले. त्यांनी घड्याळ एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतलं आणि पर्समधून एक चिठ्ठी काढली. म्हणजे ती त्यांनी आधीच लिहून ठेवली होती. कवळीवाल्यांच्या दुकानाचा पत्ता होता.

"मला सांगून काय उपयोग? माझा हात धड आहे. सांगायचं तर त्यांना सांग."

"तुम्ही तेव्हा का नाही बोललात?"

"तू बोलशील असं वाटलं होतं," त्या म्हणाल्या. "मी वाट बघत होते." आणि मग, माझा चेहरा बघून असेल, आवाज जरा खाली आणून म्हणाल्या, "जा गं. ते काही खात नाहीत. खायचे दात विकतात ते."

ती चिठ्ठी मी पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवली. पर्स तीनदा बदलली, चिठ्ठी प्रत्येक वेळी एका कप्प्यातून दुसऱ्यात गेली. सात वर्षं. आधी आईचं आजारपण होतं, मग विभागाची जबाबदारी माझ्यावर आली, मग वाटलं की आता जुनी जखम कशाला उकरायची. माणसाला कारणं कधी कमी पडत नाहीत. बाईंना कधी बाजारात भेटले तर त्या काही विचारायच्या नाहीत. मी चिठ्ठी घेऊन गेले नाही हे त्यांना कसं कळायचं, याचं मला नवल वाटायचं. पण कळायचं खरं.

शेवटचं भेटले ते त्यांच्या घरी, त्या जायच्या आठवडाभर आधी. वहिनींनी रेडिओ अगदी हळू ठेवला होता. बाई झोपून होत्या. मी सवयीने त्यांच्या हाताची ऊब बघितली, तर डोळे न उघडता म्हणाल्या, "नख दाबून बघ. नुसती ऊब फसवते." चिठ्ठीबद्दल मी तेव्हा तरी काहीतरी बोलायला हवं होतं. मी त्यांच्या उशा सारख्या केल्या आणि निघाले.

त्या गेल्या. चार शब्द छापून आले. त्यानंतरच्या रविवारी सकाळी मी चिठ्ठी काढली.

दुकान अरुंद होतं. दारापुढे एक पायरी, आत लाकडी फळ्यांवर प्लास्टरचे साचे, शेकडो तोंडं जबडे उघडून ओळीने बसलेली, प्रत्येकावर पेन्सिलने आकडा. वितळलेल्या मेणाचा वास. खिडकीशी त्यांची बायको बसली होती, केस पांढरे झालेली, आणि छोट्या फिरत्या यंत्रावर एक कवळी घासत होती. ते तिच्यामागे उंच स्टुलावर, डाव्या हाताने दाखवत, "इथे. अजून जरा. दाढेला उंचवटा ठेव." उजवा हात ॲप्रनच्या खिशात होता.

"कुणाची कवळी?" त्यांनी मला विचारलं. "वरची, खालची, की दोन्ही?"

मी सांगितलं मी कोण ते. मग सगळं सांगितलं, उभ्याउभ्याच, कारण बसले असते तर उठून पळाले असते. दहा वाजताचं पांघरूण, चार खुणा, वाढवलेला पंप, "आत्ताच पाहिला" म्हटलं ते, चौकशीत म्हटलं ते.

यंत्र थांबलं. त्यांची बायको म्हणाली, "मीच म्हटलं होतं ना, हात गार आहे म्हणून? मी म्हटलं म्हणून तुम्ही झाकलात. इतकी वर्षं मी हेच..."

"तुम्ही बरोबर सांगत होतात," मी म्हटलं. "गार पडला हीच खूण होती. तुम्ही ती मला दाखवलीत. मी झाकली."

तिने पदराने चष्मा पुसायला घेतला आणि पुसतच राहिली. कवळीवाल्यांनी ओरडावं असं मला वाटत होतं. ओरडणं मला झेपलं असतं.

"म्हणजे ती दोनला आली तेव्हा..." ते म्हणाले.

"चार तास होऊन गेले होते. त्यांनी पावणेतीनला बघितलं नसतं तर संध्याकाळपर्यंत कुणी बघितलं नसतं. जी दोन बोटं चालतात ती त्यांच्यामुळे."

"ती यायची," ते म्हणाले. "दरवर्षी एकदा. तिथे, पायरीवर उभी राहायची. आत मी कधी बोलावलं नाही. हिने एकदा खुर्ची दिली तर मी हिला बोललो. ती म्हणायची, 'हात बघू का जरा?' दुसरं काही नाही. आणि मी हात हा असा खिशात घालायचो. म्हणायचो, बघायचा तेव्हा बघितला नाहीत, आता कशाला? ती म्हणायची, 'बरोबर आहे तुमचं.' आणि जायची." त्यांनी पायरीकडे पाहिलं. "पंधरा वर्षं. एकदाही म्हणाली नाही की दुसरीच कुणी होती म्हणून."

मला हे माहीत नव्हतं. बाईंना कसं कळायचं की मी आले नाही, ते तेव्हा समजलं. दरवर्षी त्या पायरीवर त्यांना तोच खिसा दिसत होता.

"या वर्षी नाही आली," ते म्हणाले. "मला वाटलं, कंटाळली शेवटी. हिला म्हणालोसुद्धा. कुठे असते ती आता? म्हणजे मीच जातो. पत्ता द्या मला."

त्यांच्या बायकोला माझ्या चेहऱ्यावरून कळलं. ती म्हणाली, "अहो," आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"चार महिने झाले," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. फळीवरचा एक साचा उगाच उचलून सरळ ठेवला, तो आधी सरळच होता. मग उजवा हात खिशातून काढला आणि माझ्यासमोर टेबलावर, प्लास्टरच्या भुकटीत ठेवला. हाताच्या पाठीवर मांडीची कातडी चमकत होती, तीन बोटं ताठ.

"बघा," ते म्हणाले.

मी नळाखाली हात धुतले, एकमेकांवर चोळून गरम केले. हात उजेडाकडे वळवला. रंग बघितला, ऊब बघितली. एकेक नख दाबून सोडलं आणि मोजलं. दोन म्हणायच्या आत लाली परत येत होती, पाचही नखांत.

"चांगला आहे," मी म्हटलं.

ते हाताकडे बघत राहिले. "एवढंच बघायचं असायचं तिला?"

"हो," मी म्हटलं. "एवढंच."